गणपती यंदा अठरा दिवस उशिरा का?

आमच्या सोसायटीच्या गणपतीची पहिली बैठक दर वर्षी मे महिन्यात होते. ठाण्यात मंडपवाले आणि ढोलताशा पथकं लवकर अडकतात, त्यामुळे विसार आधीच द्यावा लागतो. या वेळी, २०२६ च्या बैठकीत, कुणीतरी म्हणालं, "गेल्या वर्षी २७ ऑगस्टला बसले होते, म्हणजे यंदा त्याच सुमाराला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडपवाल्याला २५ ऑगस्टपासूनची तारीख कळवून झाली. दोन दिवसांनी एका काकूंनी भिंतीवरची दिनदर्शिका उलटून पाहिली आणि खालूनच हाक मारली, "अरे, गणपती १४ सप्टेंबरला आहेत!"

विसार वाचला, पण त्यानंतरचे प्रश्न थांबले नाहीत. गुढीपाडवा तर यंदा लवकर आला होता. गेल्या वर्षी ३० मार्चला होता, यंदा १९ मार्चला. पाडवा अकरा दिवस आधी आणि गणपती अठरा दिवस नंतर, हे एकाच वर्षात कसं? सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे, घरोघरी जावयांना अनारसे जाताहेत. तेव्हा हा हिशोब नीट उलगडायला हीच वेळ बरी.

दोन घड्याळं, एक पंचांग

आपलं मराठी पंचांग एकाच वेळी दोन घड्याळं सांभाळतं. एक चंद्राचं आणि दुसरं सूर्याचं.

चंद्राचा महिना अमावास्या संपली की सुरू होतो आणि पुढची अमावास्या संपेपर्यंत चालतो. तो सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, नेमकं सांगायचं तर २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस होतात. सूर्याचं वर्ष, म्हणजे उन्हाळा-पावसाळा-हिवाळ्याची एक पूर्ण फेरी, ३६५ दिवस आणि वर सहा तासांच्या आसपास. दोन्हींत दर वर्षी जवळजवळ ११ दिवसांचा फरक पडतो. पाडवा ३० मार्चवरून १९ मार्चवर आला तो याच अकरा दिवसांमुळे.

घरात सुट्ट्या पैशांची बरणी असते तसं समजा. दर वर्षी तिच्यात ११ दिवस पडतात. पहिल्या वर्षाअखेरीस ११, दुसऱ्याच्या अखेरीस २२, आणि तिसरं वर्ष संपण्याआधीच बरणीत अख्खा एक महिना जमतो. मग तो काढून वर्षात घालायचा. हाच अधिक महिना. जुन्या गणितात दोन अधिक महिन्यांमधलं सरासरी अंतर ३२ महिने, १६ दिवस आणि ४ घटिका असं दिलेलं आहे, आणि आजच्या आकड्यांनीही ते जवळपास तेवढंच येतं. आपण त्याला धोंड्याचा महिना म्हणतो, कुणी मलमास म्हणतं, कुणी पुरुषोत्तम मास.

यंदा १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्याच्या आधीचे सण बरणी भरण्याच्या बाजूचे, म्हणून लवकर आले. त्याच्या नंतरचे सगळे एक महिना पुढे ढकलले गेले. त्यातून नेहमीचे अकरा दिवस वजा करा, की उरतात अठरा-एकोणीस दिवस. गणपती २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला गेले, दसरा २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजन आपल्याकडे २१ ऑक्टोबरला झालं, यंदा ते ८ नोव्हेंबरला आहे.

महिना घालायचा कुठे, हे कोण ठरवतं?

बैठकीत आमच्या एका तरुण सभासदाने हा प्रश्न विचारला आणि मला तो फार आवडला. "म्हणजे कुणीतरी बसून ठरवतं का, की या वर्षी ज्येष्ठ डबल करू?" नाही. कुणाच्या मर्जीचा त्यात भाग नाही, नियम ठरलेला आहे.

आकाशात सूर्याच्या वाटेचे बारा भाग मानले आहेत, त्या राशी. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो तो क्षण म्हणजे संक्रांत. मकरसंक्रांत आपल्याला माहीत असते, पण अशा संक्रांती वर्षात बारा असतात. महिन्याचं नाव या संक्रांतीवरून पडतं. ज्या चांद्र महिन्यात सूर्य मेषेत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, मिथुनेत जातो तो ज्येष्ठ. ज्या महिन्यात एकही संक्रांत पडत नाही त्याला स्वतःचं नाव मिळत नाही. तो पुढच्या महिन्याचं नाव घेतो आणि त्याच्या आधी 'अधिक' लावतो.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्याचं डोळ्यांसमोर आणा. स्टेशनं म्हणजे संक्रांती, आणि तुम्ही काढलेली एक डुलकी म्हणजे एक चांद्र महिना. साधारणपणे एका डुलकीत एक स्टेशन मागे पडतं. पण सगळ्या स्टेशनांमधलं अंतर सारखं नसतं. दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं, त्याआधी ठाणे सोडल्यावर थेट ऐरोलीच यायची. त्या लांब टप्प्यात गाडी सुटल्यावर डोळा लागला आणि ऐरोलीच्या आधीच जाग आली, तर त्या डुलकीत एकही स्टेशन लागलेलं नसायचं.

यंदा नेमकं तेच झालं. सूर्य १५ मेला वृषभेत गेला. अमावास्या संपून नवा महिना लागला तो त्यानंतर, १६ मेच्या रात्री. हा महिना १५ जूनच्या सकाळी संपतो आणि सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. अवघ्या काही तासांनी स्टेशन हुकलं. ती संक्रांत सकाळीच झाली असती तर हा महिना साधा ज्येष्ठ ठरला असता आणि बरणी रिकामी व्हायला पुढच्या एखाद्या महिन्याची वाट पाहावी लागली असती.

आणखी एक गंमत आहे. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि तिची चाल मंदावते. त्यामुळे उन्हाळा-पावसाळ्यात सूर्याला एक रास ओलांडायला ३१ दिवसांहून जास्त लागतात, तर थंडीत साडेएकोणतीसच्या आसपास. लांब टप्पे उन्हाळा-पावसाळ्यात, म्हणून अधिक महिनेही बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन याच पट्ट्यात सापडतात. २०१२ मध्ये भाद्रपद, २०१५ मध्ये आषाढ, २०१८ मध्ये ज्येष्ठ, २०२० मध्ये आश्विन, २०२३ मध्ये श्रावण. २०२० चं अनेकांना आठवत असेल. सर्वपित्री अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतात, ही आपली सवय. त्या वर्षी मध्ये अख्खा महिना गेला आणि घट १७ ऑक्टोबरला बसले.

एवढा खटाटोप कशाला? सरळ इंग्रजी तारीख का धरत नाही?

हा आक्षेप मी दर तीन वर्षांनी ऐकते. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, मग गणपतीचीही एक तारीख ठरवून टाका, हॉलवाल्यांचं आणि शाळांचं भलं होईल. सोय होईल हे खरं आहे. पण तिथी काढून तारीख बसवली तर काय हातचं जाईल, ते मला चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींनी दाखवलं. त्या माझ्या मैत्रिणीच्या आई. विसर्जनाच्या दिवशी खाडीला पाणी कधी असेल, असं मी मोबाईलवर शोधत होते. त्यांनी विचारलं, "तिथी कंची?" मी म्हटलं, पंचमी. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "पावणेचार."

त्यांचं गणित असं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच, त्याची पाऊणपट पावणेचार. दशमीची साडेसात. चतुर्दशीची साडेदहा. सकाळचीही तीच आणि रात्रीचीही तीच, कारण दिवसात भरती दोनदा येते. हे कोकण किनाऱ्यावरचं जुनं गणित आहे आणि त्यामागचं कारण सरळ आहे. भरती आणतो मुख्यतः चंद्र. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या आसपास असते आणि रोज पाऊण तास, कधी थोडी जास्त, पुढे सरकते. ठाण्याची खाडी आत असल्यामुळे समुद्राकडून पाणी चढत यायला आणखी थोडा वेळ लागतो. त्यामुळे वेळ मिनिटाला मिनिट जुळणार नाही, आणि विसर्जनाला जाणाऱ्यांनी प्रशासनाने दिलेल्या भरतीच्या वेळाच पाहाव्यात. पण अंदाज म्हणून ती तिथी पुरते. आता तिथीच्या जागी '१५ सप्टेंबर' ठेवा. त्या आकड्याला पाण्याचं काहीच ठाऊक नाही.

आपले सण या चंद्राला किती चिकटलेले आहेत ते पाहा. होळी आणि कोजागरी पौर्णिमेच्या, कारण रात्री उघड्यावर जमायचं तर उजेड हवा. दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावास्येला, वर्षातल्या काळोख्या रात्री, म्हणून दिव्यांना अर्थ. गोकुळाष्टमीला कृष्णजन्म मध्यरात्री, आणि वद्य अष्टमीचा चंद्र उगवतोही मध्यरात्रीच्या सुमारास. नारळी पौर्णिमेला आणि अनंत चतुर्दशीच्या आसपास खाडी उधाणाने भरते. सणाचं नाव घेतलं की आकाशात चंद्र कुठे असेल आणि कोलशेतच्या किंवा पारसिक रेतीबंदरच्या घाटावर पाणी कसं असेल, हे दोन्ही त्या नावातच आलेलं असतं.

मग नुसता चंद्रच का धरत नाही?

तेही करता येतं आणि आपल्या शेजारीच केलं जातं. मुंब्रा, राबोडी, भिवंडीत ज्या चंद्रदर्शनाने ईद ठरते ती हिजरी कालगणना पूर्णपणे चंद्राची आहे, तिच्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. २०१६ मध्ये ती भर पावसात जुलैत होती, यंदा मार्चमध्ये आली. उपवासाचा महिना कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, असा सगळ्या ऋतूंत यावा, हे त्या कालगणनेत सहज घडतं.

आपले सण मात्र शेतीच्या आणि पावसाच्या अंगाने वाढलेले आहेत. अधिक महिना नसता तर गणपती एका पिढीत मे महिन्यात आले असते आणि दुसऱ्या पिढीत जानेवारीत. दूर्वा, आघाडा, तेरडा, गौरींची पत्री हे सगळं पावसाळ्याचं वैभव. म्हणून चंद्राची तिथी ठेवायची, पण ऋतू सुटू द्यायचा नाही, ही कसरत. ती जमते म्हणूनच गणेश चतुर्थी ऑगस्टची वीस तारीख ते सप्टेंबरची वीस तारीख याच पट्ट्यात फिरते. २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला.

बाकीच्या शेजाऱ्यांचे हिशोबही याच दोन घड्याळांतून निघतात. नवी मुंबईतल्या तमिळ घरांचं नवं वर्ष आणि मल्याळी घरांचा विषू सण सूर्यावर चालतात, म्हणून ते १४-१५ एप्रिलच्या आसपासच राहतात. उत्तर भारतीयांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून त्यांचा श्रावण यंदा ३० जुलैला लागेल आणि आपला १३ ऑगस्टला. महिन्याचं नाव वेगळं पडलं तरी महाशिवरात्र किंवा दिवाळी दोघांची एकाच तिथीला येते. ईस्टरही पौर्णिमा पाहूनच ठरतो.

संक्रांत का हलत नाही?

कारण ती सूर्याची आहे. तिळगुळाचा चंद्राशी संबंध नाही. पण तीही अगदी स्थिर नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. आपण राशी ताऱ्यांवरून मोजतो आणि इंग्रजी वर्ष ऋतूंवरून. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलत असल्यामुळे या दोन वर्षांत मिनिटांचा फरक राहतो, आणि तो साठत जाऊन साधारण ७० वर्षांत एक दिवस होतो.

आणि एकाच सणाच्या दोन तारखा?

दिवाळीला हा गोंधळ सगळ्यांनी अनुभवला आहे. गेल्या वर्षी कुणी २० ऑक्टोबर म्हणत होतं, कुणी २१. यात चूक कुणाचीच नसते. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढायला लागणारा वेळ. चंद्राची चाल कमी-जास्त होते, त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. ती सकाळी अकराला सुरू होईल किंवा रात्री दोनला. आपला दिवस मात्र सूर्योदयाला सुरू होतो. मग ती तिथी कोणत्या दिवसाची मानायची?

प्रत्येक सणाचा याला वेगळा नियम आहे. गणेश चतुर्थीला दुपारी, म्हणजे मध्यान्ही, चतुर्थी हवी. कृष्णजन्माला मध्यरात्री अष्टमी हवी, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी अमावास्या. दोन्ही दिवशी संध्याकाळी थोडी थोडी अमावास्या असली की मतभेद होतात, आणि सूर्योदय-सूर्यास्त गावागणिक बदलतात म्हणून वाराणसीचा आणि ठाण्याचा निर्णयही वेगळा पडू शकतो.

यंदा याचा थेट परिणाम मंडळांवर होणार आहे. चतुर्थी १४ तारखेच्या सकाळी सूर्योदयानंतर लागते आणि १५ च्या सकाळपर्यंत राहते. दुपारी चतुर्थी फक्त १४ ला मिळते म्हणून प्रतिष्ठापना १४ ला, सोमवारी. अनंत चतुर्दशी मात्र २५ ला, शुक्रवारी. मोजून पाहा, बारा दिवस होतात. गेल्या वर्षी अकरा होते. एक दिवसाची वीज, एक दिवसाचा प्रसाद, एक रात्रीची राखण जास्त. हे मेमध्येच कळलं तर वर्गणी काढताना धरता येतं.

राहिला टिळक पंचांगाचा प्रश्न. ते मानणारी घरं ठाण्यातही आहेत, आणि काही वर्षी त्यांचे गणपती महिनाभर आधी बसतात. त्या पंचांगात राशी जिथून मोजायच्या तो आरंभबिंदूच काही अंशांनी वेगळा आहे. स्टेशनं सरकली की कोणत्या डुलकीत स्टेशन हुकलं तेही बदलतं, म्हणून त्यांचा अधिक महिना कधी कधी वेगळा येतो.

यंदा शहरात काय काय हलणार?

गावी जाणाऱ्यांचं आधी. कोकण रेल्वेचं आरक्षण आता १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, हा बदल नोव्हेंबर २०२४ पासून झाला. म्हणजे यंदा गणपतीची तिकिटं जुलैच्या मध्यावर निघतील. गेल्या वर्षीच्या अंदाजाने जूनच्या अखेरीस पहाटे उठून बसलात तर भलत्याच तारखा समोर येतील.

दहीहंडी ५ सप्टेंबरला, शनिवारी आहे. गेल्या वर्षी ती १६ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाला लागून होती. गोविंदा पथकांना सरावाला तीन आठवडे जास्त मिळाले आहेत. ते वरच्या थरावरच्या पोरांच्या सुरक्षेसाठी, दोर आणि गाद्या नीट करण्यासाठी वापरले जावेत असं मला मनापासून वाटतं.

सर्वांत मोठा फरक नवरात्रात जाणवेल. गेल्या वर्षी घट २२ सप्टेंबरला बसले, यंदा ११ ऑक्टोबरला बसतील. मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. पाऊस तारीख पाळतोच असं नाही, पण टेंभी नाक्याच्या देवीच्या रांगेत आणि गरब्याच्या मैदानांवर या वर्षी चिखल कमी असण्याची शक्यता बरीच जास्त आहे. उलट ऑक्टोबरचा उकाडा भरात असेल, तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी पाण्याची सोय मंडळांनी आत्ताच धरावी. शाळांनाही सहामाही परीक्षा गणपती आणि नवरात्र यांच्यामधल्या दोन आठवड्यांत बसवता येईल.

नारळी पौर्णिमेचं मात्र मनाला लागतं. ती यंदा ऑगस्टच्या अगदी शेवटी येते, गेल्या वर्षी दुसऱ्याच आठवड्यात होती. सरकारी मासेमारी बंदी ठरलेल्या तारखांची, गेली अनेक वर्षं १ जून ते ३१ जुलै अशी. पूर्वी नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नसत. अधिक महिना आला की पौर्णिमा पुढे जाते आणि दर्याही तोवर शांत होतो, असं मावशी म्हणतात. आता बंदी उठली की जाणारे जातात, आणि जुनं वळण पाळणारे महिनाभर थांबतात. एका घरात दोन भाऊ दोन तारखा धरतात. यात कोण बरोबर हे मी सांगणार नाही, पण बंदी किती दिवसांची असावी यावर चर्चा होते तेव्हा कोळीवाड्यांना आधी विचारायला हवं.

पुढच्या वर्षीचं स्वतःच काढा

अधिक महिना नसलेल्या वर्षी दहा ते बारा दिवस वजा, असलेल्या वर्षी अठरा-एकोणीस दिवस अधिक. त्या हिशोबाने गणपती २०२७ मध्ये ४ सप्टेंबरला आणि २०२८ मध्ये २३ ऑगस्टला. २०२९ मध्ये चैत्र अधिक आहे, म्हणून पुन्हा उडी मारून ११ सप्टेंबरला.

आणि १९ वर्षांनी सगळं जवळपास जागेवर येतं. १९ सौर वर्षांत २३५ चांद्र महिने बसतात, त्यांत सात अधिक. म्हणून एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तुमची जन्मतिथी आणि जन्मतारीख जवळजवळ एकत्र येतात.

हे लक्षात आल्यावर मी सोसायटीच्या कपाटातून जुनी पावती पुस्तकं काढली. २००७ चं पुस्तक सापडलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. मुखपृष्ठावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'श्रींची स्थापना १५ सप्टेंबर, विसर्जन २५ सप्टेंबर'. यंदाचं विसर्जनही २५ सप्टेंबरलाच. ज्या पोराने तेव्हा आरतीला टाळ वाजवले होते, त्याचं नाव या वर्षी कार्यकारिणीत खजिनदार म्हणून आहे.